स्वेटरची पाठ

डांबरगोळ्यांचा वास आला की मला जवाहरनगरच्या फॅक्टरी-वसाहतीतल्या क्वार्टरमधला ऐंशीच्या दशकातला एक हिवाळा आठवतो. तेव्हा मी महिलांच्या एका मासिकासाठी विणकामाचे नमुने लिहून पाठवत असे. त्या वर्षी पुरुषांच्या स्वेटरची पुढची बाजू छापून आली, खाली 'पाठ पुढील अंकात' असं लिहिलेलं होतं, आणि प्रकाशकाचं दिवाळं निघून मासिकच बंद पडलं. माझं वर्षाचं मानधन बुडालं. आता फुकट एक टाकाही कुणाला सांगायचा नाही, असं मी रागाने ठरवून टाकलं. थोड्याच दिवसांत शेजारच्या चौघीजणी अर्धे स्वेटर घेऊन दारात आल्या. मी मानधनाचं सांगितलं, तर सिहोऱ्याकडची शेजारीण म्हणाली, "पैसे मालकानं बुडवले ना बाई, मंग थंडी आमच्या माणसाले काहून? त्यायनं का भिंतीले पाठ लावून ड्युटी करावी?" सगळ्या हसल्या, मलाही हसू आवरेना. मी अंगणातल्या उन्हात सतरंजी टाकली आणि एकेक ओळ सांगत गेले. पुढे थंडीभर फॅक्टरीच्या बसच्या रांगेत माझ्या नक्षीचे स्वेटर दिसायचे. मानधन आजतागायत आलेलं नाही, पण त्या रांगेतल्या पाठी आठवल्या की अजूनही मला फार बरं वाटतं.