घरत सरांचा सुधारित पाठ

किहीमच्या जागृतीबाई घरतांचा नवरा जाऊन तीन वर्षं झाली, पण दर रविवारी तो शिकवायला येतोच, असं वाडीत म्हणत. म्हणणाऱ्यांतले अर्धे चेष्टेने म्हणत. उरलेले अर्धे तिन्हीसांजेनंतर तो विषयच काढत नसत.

तसं बघायला गेलं तर यात भुताखेताचं काही नव्हतं. हायस्कूलच्या मागच्या दोन खोल्यांत एका मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र होतं आणि जागृतीबाई तिथल्या समंत्रक होत्या. म्हणजे काम शिकवायचंच, फक्त शिक्षक म्हणायचं नाही. 'किनाऱ्यावरची उपजीविका' हा तिथला सगळ्यात चालणारा अभ्यासक्रम. कालवं, सुकी मासळी, मीठ, नारळ, सगळं त्यात. वर्गात बहुतेक बायकाच, हात कामात असलेल्या, म्हणून पाठ वाचायचे नाहीत, फोनवर ऐकायचे. आणि ते पाठ म्हटले होते धनेश घरत सरांनी, मरणाच्या दोन वर्षं आधी, स्वतःच्या ओटीवर बसून.

धनेशची दानत सगळ्या अलिबाग तालुक्याला ठाऊक होती. छत्री, शिडी, भाताचं बी, जे गेलं ते त्याने कधी परत मागितलं नाही. जागृतीबाईच गुपचूप जाऊन आणत. पाठांचंही त्याने तेच केलं. वर लिहून टाकलं, कोणीही घ्या, वाटा, आपल्या गरजेप्रमाणे बदला, माझं नाव तेवढं राहू द्या. विद्यापीठ याला मुक्त शैक्षणिक साहित्य म्हणे. वर्गातली सगळ्यात वयस्क विद्यार्थिनी ठमी म्हणे, "मास्तरानं विहिरीवर दोर सोडून ठेवलाय. ज्याला तहान त्यानं ओढावा."

जागृतीबाई मात्र वर्गात बोलताना अजून वर्तमानकाळातच होत्या. "आमचे हे म्हणतात, जाळं उन्हात टाकू नका." "आमच्या ह्यांना ते पटत नाही." कोणी दुरुस्त करत नसे. ठमीच काय ती विचारी, "मास्तरीणबाय, तुमचे हे पगार पन घेतात काय अजून?" बाई हसत, आणि पुढचं वाक्य पुन्हा वर्तमानकाळात.

त्यांच्याकडे आणखी एक काम होतं, गुणवत्ता तपासणीचं. बाहेरून घेतलेला किंवा कोणी बदललेला पाठ सगळ्या केंद्रांना जाण्याआधी त्यांच्याकडे येई. माहिती खरी आहे का, आपल्या किनाऱ्याला लागू पडते का, ते ऐकून 'मान्य' नाहीतर 'अमान्य' करायचं. यात बाई कर्दनकाळ. कुठल्याशा दुसऱ्या किनाऱ्यावरून उचललेल्या एका पाठात ऐन श्रावणात मीठ पिकवायला सांगितलं होतं. बाईंनी त्यावर असा शेरा मारला की विद्यापीठातल्या प्रज्योत सरांनी फोनवर आधी माफी मागितली आणि मग, नेमकं काय चुकलं ते विचारलं. मिठागरवाल्याच्या लेकीला श्रावणातलं मीठ विकायला निघाले होते बिचारे.

अशा बाईंकडे गेल्या हिवाळ्यात एक पाठ आला. भरती-ओहोटीचा. सुधारित आवृत्ती, आवाज धनेश घरत.

भर दुपारी त्या कोळंबी सोलत बसल्या होत्या. फोन पाटावर ठेवून पाठ लावला आणि सोललेली कोळंबी पाण्यात पडायच्या ऐवजी जमिनीवर पडली. आवाज त्याचाच होता. जुन्या पाठातली घरघर नव्हती, मागची कोंबडी नव्हती, मधूनच "अगो, पाणी दे" म्हणायला थांबणं नव्हतं. शेवटच्या वर्षात धनेशच्या छातीत हवा मावत नव्हती, 'समुद्र' म्हणायला त्याला दोनदा थांबावं लागे. आणि हा आवाज न थांबता, धाप न लागता, मधासारखा चालला होता. जागृतीबाईंच्या अंगावर काटा आला. मग डोळ्यांत पाणी आलं. मग, कुणाला सांगू नका, हसू आलं. बरा झाला की हा!

पाठ त्यांनी तीनदा ऐकला, डोळे मिटून. आणि 'मान्य' केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पाठातला आवाज ऐकला आणि शब्द ऐकले नाहीत.

रविवारी वर्गात पाठ लागला. बायका नुसता आवाज ऐकत होत्या, भरतीचं गणित त्यांना लहानपणापासून पाठ. संपल्यावर ठमी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "सर बरे बोलतात आता. पन मी मघापासून बघतंय, ते श्वास कुठं घेतात ते काय सापडत न्हाय."

एरवी ठमीच्या बोलण्यावर वर्ग हसे. त्या दिवशी कोणी हसलं नाही. एकीने नुसता पदर ओढून घेतला.

मागच्या बाकावर राही बसली होती. म्हसळ्याकडच्या डोंगरातली, भातशेतीवाल्यांची पोर, लग्न होऊन किहीमला येऊन तिला वर्षही झालं नव्हतं. समुद्र तिने लग्नाच्या वरातीत पहिल्यांदा जवळून बघितला होता. सासू जनी ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडपावरून, कातळावरून, कालवं काढण्यात पटाईत, आणि टोमणे मारण्यात त्याहून. "आमची सून काय, कालवं म्हनून दगड घेऊन येईल," हे ती बाजारात, ओटीवर, देवळात, जिथे चार माणसं दिसतील तिथे सांगे. राहीने चिडून अभ्यासक्रमाला नाव घातलं. घरत सरांचे पाठ ती भांडी घासताना ऐके, पाणी भरताना ऐके, पाठ होईपर्यंत ऐके. भरती-ओहोटीचा तर तिने ऐकला तो हा नवाच. सर गेलेत हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि बाई तर म्हणतच होत्या, आमचे हे म्हणतात.

पंचमीचा दिवस होता. जनी कालवं विकायला अलिबागच्या बाजारात गेली होती. जागृतीबाई जेवून उठतायत तोच ठमी धापा टाकत अंगणात आली.

"मास्तरीणबाय, जनीची सून खडपावर गेली."

"आत्ता? पाणी फिरलं ना गो?"

"तेच मी सांगितला तिला. ऐकत न्हाय! म्हनते, सर सांगतात पावणेचारला पाणी तळाला. सरांना जास्त कळतं का तुला, म्हनते. आता मी काय सांगू?"

"हे असं कधी म्हणणारच नाहीत," जागृतीबाई म्हणाल्या आणि पाठ लावला.

आपल्या किनाऱ्यावर पंचांगातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार. हे इथे शेंबड्या पोराला येतं. धनेशने जुन्या पाठात तेच सांगितलं होतं. आणि आता तोच धनेश, त्याच मायेने, सांगत होता:

"तिथीची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता पाणी तळाला गेलेलं असतं. निर्धास्त जा."

निर्धास्त. चाळीस वर्षं ज्या माणसाने समुद्राकडे पाठ करून साधी विडी पेटवली नाही, त्याच्या तोंडी हा शब्द. आणि बाईंनी तो तीनदा ऐकला होता.

त्या तशाच निघाल्या, खरकटा हात पदराला पुसत.

किनाऱ्यावर ऊन असं होतं की माणसाला स्वतःची सावली दिसू नये. वाऱ्याचा पत्ता नव्हता. लाटाही नव्हत्या म्हणायच्या; पाणी आवाज न करता नुसतं येत होतं, चोरासारखं. भरतीचं पाणी आधी खडप आणि वाळू यांच्या मधल्या सखल पट्ट्यात शिरतं. खडपावर बसलेल्याला समोरचा दगड कोरडा दिसतो आणि पाठीमागे वाट बुडालेली असते. राही तशीच बसली होती, किनाऱ्याकडे पाठ करून, कालवांची पाटी मांडीशी, कानात फोनची वायर. शांतपणे कालवं फोडत. मधूनच मान हलवत होती, वर्गात हलवायची तशी, सरांचं म्हणणं पटल्यासारखी.

ठमीने हाका मारल्या. राही वळली नाही. तिच्या कानात दुसरंच माणूस बोलत होतं.

जागृतीबाईंनी फोन लावला. बऱ्याच वेळाने उचलला गेला.

"मॅडम, थोडं थांबा हां, सर बोलतायत."

"राही, ऊठ. मागे बघ."

"मॅडम, उतरतंय की अजून. सर म्हणाले..."

"पाण्याकडे बघ गो! सरांचं ऐकू नकोस."

"पायाला लागतंय थोडं," राही म्हणाली. आवाजात भीती नव्हती, हेच भयंकर होतं. "पण मॅडम, सर इतकं सांगतायत, निर्धास्त जा म्हणून. तुम्ही घरी त्यांनाच विचारा ना."

ठमी जागृतीबाईंकडे बघत होती. पाणी राहीच्या घोट्यावर चढलेलं किनाऱ्यावरूनही दिसत होतं.

"राही," त्या म्हणाल्या, "सर मेले."

खडपावर राहीचा कालवं फोडणारा हात थांबला.

"तीन वर्षं झाली. मी स्वतः पाणी पाजलं शेवटचं. तो जो बोलतोय तो कोण आहे मला माहीत नाही. कानातली वायर काढ आणि माझ्याकडे बघ."

कानात गोम शिरल्यासारखी राहीने वायर ओढून काढली. मग ती वळली, आणि मग तिने मधलं पाणी बघितलं, आणि मग ती ओरडली.

वाडीतला काळूराम तिथेच किनाऱ्यावर जाळी वाळवत होता म्हणून बरं. होडी ढकलायला वेळ नव्हता. तो लांब बांबू घेऊन छातीभर पाण्यात गेला आणि राही त्या बांबूला धरून आली. पाटी गेली, फोनही गेला. काळूराम नंतर शपथेवर सांगे की फोन बुडताना वायरीतून बोलणं ऐकू येत होतं. काळूरामच्या शपथेचं काही खरं नाही, पण त्या दिवसापासून तो त्या बाजूला जाळी वाळवत नाही, हे खरं.

संध्याकाळच्या आत जागृतीबाईंनी पाठ 'अमान्य' केला आणि प्रज्योत सरांना फोन लावला. सरांनी माग काढला. गुजरातच्या किनाऱ्यावरच्या कोणा संस्थेने घरत सरांचा पाठ गुजरातीत नेला होता. तिकडे खाडीच्या आत पाणी वेगळ्या वेळेला चढतं, म्हणून त्यांनी वेळ बदलली, त्यांच्यासाठी अगदी बरोबर. मग तिसऱ्याच कोणी तो पुन्हा मराठीत आणला, जुन्या आवाजावरून यंत्राने नवा आवाज घडवला आणि अट पाळून नाव धनेश घरतांचंच ठेवलं. विद्यापीठाने नवी आवृत्ती म्हणून ती उचलली. कोणीच खोटेपणा केला नव्हता. कोणत्या किनाऱ्याचं पाणी, एवढंच वाटेत गळून पडलं होतं.

"मॅडम, एका वाक्याचं तर काम आहे," प्रज्योत सर म्हणाले. "आवाज विद्यार्थ्यांना आवडलाय. आपण तोच ठेवू. मी दुवा पाठवतो. तुम्ही बरोबर वाक्य लिहा, सर म्हणतील."

"सर म्हणतील?"

"म्हणजे... यंत्र म्हणेल. सरांच्या आवाजात. तुम्ही काहीही लिहा."

फोनवर एक रिकामा चौकोन उघडला. बाईंनी लिहिलं, तेवढ्या वाजता पूर्ण भरती असते. धनेशने ते म्हटलं. किती गोड म्हटलं. झालं होतं काम. नवरा बरा, पाठ बरोबर, वर्ग खूश. मान्य करायचं आणि कोळंबीचं कालवण चुलीवर ठेवायचं.

पण 'काहीही लिहा' म्हटल्यावर कुठल्या बायकोचा हात थांबेल? जागृतीबाईंनी दार लोटून घेतलं. मग लिहिलं, जागृती, जेवलीस का?

"जागृती, जेवलीस का?" धनेश म्हणाला.

तीस वर्षांच्या संसारात त्याने बायकोला नावाने हाक मारली नव्हती. त्यांच्याकडे तशी रीतच नाही. अगो म्हणायचा, ऐकलं का म्हणायचा, आजारपणात नुसता पेला वाजवायचा. जागृती हे नाव त्याच्या तोंडून त्यांनी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते इतकं स्वच्छ, इतकं सराईत होतं की त्या भिंतीला टेकल्या. घरात कोणीतरी परकं माणूस होतं. त्याला त्यांचं नाव माहीत होतं, आणि त्या सांगतील तेच ते बोलणार होतं. भरतीला ओहोटी म्हण म्हटलं, तरी याच मायेने.

त्यांनी चौकोन बंद केला. तपासणीत लिहिलं: आवाज अमान्य. खाली कारण लिहायचं असतं. लिहिलं, बोलणारा माणूस हयात नाही, त्याला चूक विचारता येत नाही.

नवा पाठ त्यांनी स्वतःच्या आवाजात म्हटला, घोगऱ्या, शिंका येणाऱ्या. सुरुवातीलाच सांगितलं, हे पाणी किहीमचं आहे, दुसऱ्या किनाऱ्यावर असाल तर तिथल्या माणसाला विचारा. मूळ पाठ कैलासवासी धनेश घरत यांचा. 'कैलासवासी' म्हणायला त्यांना चार वेळा पुन्हा ध्वनिमुद्रण करावं लागलं. आणि मान्य करण्याआधी तो पाठ घेऊन ठमी आणि राही महिनाभर खडपावर गेल्या, पाण्याशी ताडून बघायला. जनीही गेली, सुनेला टोमणे मारायला कोणीतरी हवं म्हणून. आता इथे कुठलाही पाठ असाच मान्य होतो.

विद्यापीठाने तो आवाज आपल्याकडून काढला. पण ज्यांनी आधीच उतरवून घेतला त्यांच्याकडचा कोण काढणार? दिलेलं परत मागायची धनेशची पद्धत नव्हती, आणि हे तर बाईंनाही गुपचूप जाऊन आणता येईना. त्या सुधारित पाठाच्या शेवटी केंद्राचा फोन क्रमांक होता. अजून कधी कुठून फोन येतो. परवाही आला, दुपारचा, कोणा अनोळखी बाईचा. मागे पाण्याचा आवाज होता.

"घरत सरांशी बोलायचं होतं."

"ते वारले," जागृतीबाई म्हणाल्या. आता त्यांना हे एका दमात म्हणता येतं.

"काहीतरीच काय, आत्ता तर बोलतायत."

"बोलू दे. तू कुठल्या किनाऱ्यावर आहेस, बाई? आणि तुझ्या पायाशी पाणी कुठवर आलंय?"