दोराला लागते ती लांबी

आमच्या गल्लीत एक माणूस जन्मभर उलटा चालला. दोरवाले तात्या. कंबरेला काथ्याचा भारा गुंडाळायचा, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवायचं आणि बोटांनी काथ्या सोडत मागं मागं सरकायचं. तिकडं काकू चाक फिरवून पीळ भरायच्या. तात्या जेवढे मागं जातील तेवढा दोर लांब. विहिरीचा असो की टेम्पोवरचा माल बांधायचा, तात्यांचा दोर अखंड असायचा. मधे गाठ नाही. त्याचा त्यांना चांगलाच माज होता. कुणी आखूड दोर जोडून मागितला की म्हणायचे, "गाठी मारून संसार लांबवतात, दोर नाही."

मागं बघायचं काम काकूंकडं. चाक फिरवता फिरवता त्या म्हणायच्या, "मागं सायकल", "मागं शेळी", आणि तात्या वळूनही न बघता बाजूला व्हायचे. दोघांचं लग्न झाल्यापासून हेच चाललेलं. भांडण झालं तरी दिवसभर एकमेकांच्या तोंडाकडंच बघायचं, करतात काय?

पुढं गल्लीचा रस्ता हायवेला जोडला गेला आणि गाड्या वाढल्या. एका दुपारी एक टेम्पो ताणलेल्या दोरावर चढला, दोर त्याच्या चाकात गुंतला आणि पीळ भरायच्या चाकासकट काकू फरफटल्या. मनगट मुरगळलं, एवढ्यावर निभावलं. ऐकून काकूंचा धाकटा भाऊ शहरातून धावत आला. त्याचं तिथं मोठं गोदाम. तो म्हणाला, दाजी, आता बास झालं, माझ्याकडं या, तयार नायलॉनचा दोर विका, खुर्चीत बसून खा. तात्या गुंतलेला दोर सोडवत बसले. दुसऱ्या दिवशी काकूंनी माळ्यावरची ट्रंक खाली काढली. आता हे जाणार, असं सगळी गल्ली धरून चालली.

त्याच सुमारास गावातले छोटे धंदे गावातच टिकावेत म्हणून नगरपालिकेनं एक मदत कक्ष उघडला होता. बंद पडलेल्या जुन्या गोदामाची डागडुजी करून त्याचे गाळे पाडले होते. कक्षातल्या बाई स्वतः गल्लीत आल्या, चाक बघितलं, काकूंच्या हाताची चौकशी केली आणि इकडं तिकडं खटपट करून तात्यांना एक गाळा मिळवून दिला. स्वच्छ, उजेडाचा, दाराला नवं कुलूप. आणि चौकोनी. चार पावलं मागं गेलं की पाठ भिंतीला.

तात्यांना ते उंबऱ्यावरच कळलं. पण बाई एवढ्या पळाल्या, त्यांच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? "छान आहे," म्हणाले. तेवढा एक शब्द तोंडातून गेला आणि माणूस अडकला.

मग तात्या कपडे वाळत घालायच्या दोऱ्या वळू लागले, शेळ्यांची दावी वळू लागले. विहीर खणणारं जुनं गिऱ्हाईक लांब दोर मागायला आलं, तेव्हा नाइलाजानं दोन तुकडे जोडून दिले. त्यानं ती गाठ अंगठ्यानं चाचपली, तात्यांकडं एकदा बघितलं आणि दोर तसाच ठेवून निघून गेला. त्या संध्याकाळी तात्यांनी मेहुण्याला फोन लावला, टेम्पो घेऊन ये म्हणून.

काकूंनी वाद घातला नाही. सकाळी हाताला पट्टी तशीच, मदत कक्षात जाऊन बसल्या.

"गाळा छान आहे," त्या म्हणाल्या, "पण आमचं माणूस त्यात मावत नाही."

बाईंना आधी वाटलं, तात्या जाड झाले. मग त्या तशाच काकूंबरोबर निघाल्या आणि तात्यांना म्हणाल्या, करून दाखवा. तात्या मागं सरकले. चौथ्या पावलाला धप्प. बाई हसल्या नाहीत.

"मी चाक बघितलं, तुमचे पाय बघितलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "पण तुम्ही तरी सांगायचं."

"मॅडम, तुम्ही एवढं केलंत. त्यात खोड कुठं काढायची?"

"काढायची. मला त्याचाच पगार मिळतो."

गाळ्यांच्या मागच्या अंगाला, गोदामाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक पडवी होती. सगळ्यांची मिळून, म्हणजे कुणाचीच नाही. सुताराच्या फळ्या, पिशव्या शिवणाऱ्या ताईंचे गठ्ठे, सायकलवाल्याचे फाटके टायर, सगळं तिथं कोंबलेलं. बाईंनी सगळ्यांना एकत्र बसवलं आणि पडवी तात्यांच्या दोरासाठी मोकळी करायला सांगितलं. सुतार म्हणाला, फळ्या काय डोक्यावर ठेवू? बाईंनी कक्षाच्या खर्चानं प्रत्येक गाळ्यात वर एकेक माळा टाकून द्यायचं कबूल केलं, आणि दिलाही. फळ्या वर गेल्या, गठ्ठे वर गेले. गठ्ठे चढवताना ताईंनी तात्यांची दोरी हातात घेऊन बघितली. पिशव्यांना बंद त्या शहरातून मागवायच्या. अशी मऊ, पण जरा बारीक वळाल का, त्यांनी विचारलं. तात्या म्हणाले, वळीन, पण पडवी मोकळी होऊ द्या. सायकलवाला मात्र टायरांवरून हलेना. नेऊ, उद्या नेऊ, एवढंच.

अशात मेहुणा टेम्पो घेऊन दारात. दाजी, चाक कुठंय, चढवू या, म्हणाला. तात्या चाकाजवळ उभे, हात आकड्यावर. काकूंकडं बघत राहिले. मागं काय आहे, ते नेहमी काकूच सांगायच्या.

काकूंनी पडवीकडं बघितलं, मग भावाकडं.

"आलाच आहेस तर एक काम कर," त्या म्हणाल्या. "ते टायर तेवढे टेम्पोत भर आणि भंगारवाल्याकडं टाकून ये."

 मेहुण्यानं सदरा काढून दांडीला अडकवला आणि टायर उचलायला लागला. सायकलवाल्यानं थोडी कुरकुर केली, पण भंगाराचे पैसे मिळणार म्हटल्यावर तोही हात लावायला आला.

आता ताईंच्या सगळ्या पिशव्यांना तात्यांचे बंद असतात, सुताराच्या झोपाळ्यांना तात्यांचा दोर. चाकावर शेजारच्या दोघी जणी कामाला येतात, काकू स्टुलावर बसून देखरेख करतात. विहीरवालाही परत आला. त्यानं नवा दोर अंगठ्याखालून टोकापर्यंत सरकवत नेला आणि खांद्यावर टाकला.

पडवीत गाडी यायची सोय नाही. तरी अधूनमधून, तात्या अगदी रंगात येऊन मागं सरकत असले की, काकू स्टुलावरून शांतपणे म्हणतात, "मागं टेम्पो."

तात्या अंग चोरून भिंतीला चिकटतात. मग त्या दोघी जणी हसायला लागल्या की शिवी हासडतात आणि पुन्हा मागं सरकू लागतात.