मंगलच्या लुगड्याची वाकळ

भिवराबाईंनी केजमध्ये किती घरांच्या वाकळा शिवल्या, हे त्यांनाही सांगता यायचं नाही. आपण जुनी लुगडी, धोतरं काढून द्यायची; त्या ओसरीवर ती एकावर एक अंथरायच्या, वर बसायच्या आणि कडेपासून टाके घालत गोल गोल मध्यापर्यंत यायच्या. जुनी वाकळ मात्र त्या कधी उसवत नसत. विरली की वरून नवं लुगडं घालून त्यातूनच टाका काढायचा. "आतलं आत ऱ्हाऊ द्यावं," म्हणायच्या.

त्यांची एकुलती मुलगी मंगल बावीस वर्षांपूर्वी ऊसतोडीला गेली आणि तिकडंच तापानं वारली. परत आलं ते तिचं एक हिरवं लुगडं आणि दोन वर्षांची सत्यशीला. भिवराबाईंनी ते लुगडं थरांच्या मधोमध घालून वाकळ शिवली. नात तिच्यावरच वाढली. लग्न होऊन पाटोद्याला गेली तेव्हा वाकळ मागत होती, पण आजीनं दिली नाही. "पयल्या बाळंतपणाला ये. लेकरू आधी तिच्यावर टाकू. मंगलच्या मांडीवर दिल्यावानी हुईल."

माझी लेक राजनंदिनी पुण्यात कलेचं शिक्षण घेऊन आठ महिने घरी बसली होती. घरी म्हणजे पुण्यातल्या खोलीवर. फोन उचलायची नाही, जेवली का विचारलं तर चिडायची. मग तिला एका प्रकाशनात काम मिळालं. हातानं केलेल्या जुन्या वस्तूंवर त्यांचं मोठं पुस्तक निघणार होतं. टोपल्या, तोरणं, मण्यांचं काम, वाकळा. एके दिवशी तिचाच फोन आला. "आई, भिवरामावशींची ती जुनी वाकळ मिळेल का? फोटोपुरती." तिच्या आवाजात इतक्या महिन्यांनी जीव होता. मी त्याच दुपारी भिवराबाईंकडे गेले.

"पुस्तकात वाकळ?" त्या हसल्या. "मंग थंडीत पांघरायचं काय, पुस्तक?"

"महिन्याभरात परत येईल मावशी. माझा शब्द."

"दुसरी कंची न्हाई का चालत?"

"तीच हवी म्हणते."

त्या बराच वेळ वाकळीवरून हात फिरवत राहिल्या. मग घडी करून धडप्यात बांधली. "सत्तीचे दिस भरायच्या आत पायजे बघा. तुमच्या पोरीचं काम हाय म्हून देते."

वाकळ पुण्याला पाठवली आणि मला काळजी लागली. मी नंदिनीला फोन केला. "जपून ठेव गं. आत मंगलचं लुगडं आहे."

मी हे सांगायला नको होतं. आत काही आहे हे तोवर तिकडे कुणालाच ठाऊक नव्हतं. नंदिनीनं कौतुकानं ऑफिसात सांगितलं.

दोन महिन्यांनी खोकं आलं. भिवराबाईंच्या दारातच आम्ही ते उघडलं. वर पुस्तक होतं, जाड, गुळगुळीत. त्यात एका पानभर हिरव्या कापडाचा फोटो होता. खाली पांढऱ्या कागदात गुंडाळलेले वाकळीचे थर होते, सुटे सुटे, प्रत्येकाला आकडा लावलेला. हिरवं लुगडं प्लॅस्टिकच्या पिशवीत होतं. टाके कापताना ते फाटत गेलं असणार; हातभराचा एकही तुकडा अख्खा नव्हता. नंदिनीची चिठ्ठी होती, 'मावशी, पुन्हा शिवाल ना?'

"कावून उसवली?" भिवराबाईंनी विचारलं.

"आत काय आहे ते बघायला."

"काय हाय ते सांगितलं हुतं की."

"शिवता येईल ना, मावशी?"

त्यांनी एक तुकडा चिमटीत धरला. तो तिथंच विरला. "टाका धराया कापड लागतंय, ताई." मग म्हणाल्या, "नंदीनं उसवली?"

"नाही. दुसऱ्यांनी." मला माहीत नव्हतं. तरी मी सांगितलं.

नऊ दिवसांनी अंबाजोगाईच्या दवाखान्यात सत्यशीलेला मुलगी झाली. ती घरी आली तेव्हा मी डिंकाचे लाडू घेऊन गेले. बाळ बाजारातल्या चादरीवर निजलं होतं.

"आजी, आईची वाकळ काढ की आता," सत्यशीला म्हणाली.

भिवराबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "उंदरानं कुरतडली गं. पेटीत ठिवली हुती. माजंच ध्यान न्हाई ऱ्हायलं."

"एवढी एक जपता आली न्हाई व्हय तुला? गावाच्या वाकळा शिवत फिरतीस अन् माझ्या आईची..." तिनं भिंतीकडं तोंड केलं.

"चुकलं बाई माजं," भिवराबाई म्हणाल्या.

मी लाडवांचा डबा मांडीवर घेऊन तशीच बसले होते. एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं. पण मग सत्यशीलेनं नंदिनीला फोन केला असता, आणि नंदिनी पुन्हा त्या खोलीत दार लावून बसली असती. मला एवढंच दिसत होतं. भिवराबाईंनी माझ्याकडं पाहिलं नाही. निघताना डबा रिकामा करून, पुसून हातात दिला.

घरी आले आणि नंदिनीचा फोन आला. "आई, मावशींना पुस्तक आवडलं का गं?"

"आवडलं म्हणाल्या," मी म्हटलं. "तू जेवलीस का?"