आईची हरकत

आईला गाडीतून उतरवलं तेव्हा गाडी मीच चालवत होते.

परळला एका बंद गिरणीच्या जागेवर टॉवर उभा आहे. त्याच्या आवारात बॅटरीवर चालणारी सहा सीटची छोटी गाडी फिरते. बग्गी म्हणतात तिला. आवाज नाही, धूर नाही, वेग सायकलचा. पोर्च ते मेन रोड आणि परत, दिवसभर तेच. आम्ही टॉवरच्या मागे राहतो, चाळीच्या बदल्यात मिळालेल्या बिल्डिंगमध्ये. त्या दिवशी आईचं डायलिसिस होतं. गाडी रिकामी होती, म्हणून मी तिला मागच्या सीटवर बसवलं.

पोर्चजवळ टॉवरमधल्या एका बाईंनी हात केला. मी गाडी थांबवली. त्यांनी आईकडे पाहिलं. मग त्या बोलल्या, पण माझ्याशी नाही, आईशी तर नाहीच. बाजूला उभ्या असलेल्या सुपरवायझरशी बोलल्या.

"इनको भी अलाउड है क्या?"

"ए, उतरव त्यांना," सुपरवायझर मला म्हणाला. "मेंबरांची गाडी आहे."

ही माझी आई आहे, असं मी म्हणू शकले असते. नाही म्हणाले. मागे वळले आणि म्हणाले, "उतर." नुसतं उतर. पुढे 'आई' लावायचीसुद्धा हिंमत झाली नाही.

ती उतरली. दांडा धरून, एकेक पाय टाकत. तरी बाई बसेनात. सीटकडे बघत उभ्या. सुपरवायझरने स्टिअरिंगखालच्या खणाकडे बोट दाखवलं. तिथे फडकं असतं. मी फडकं काढलं आणि आई बसली होती ती जागा पुसली. तिच्या समोर.

"पूस, बाय, पूस," आई म्हणाली. "माझी पिशवी ओली होती गं. पाणी सांडलं असंल."

पिशवी कोरडी होती. सीटही कोरडी होती. तिला पाणी घोट मोजून प्यायला सांगितलं होतं, ती बाटली जवळ ठेवायचीच नाही. टॉवरच्या बागेतल्या कुंड्या मी त्याच सीटवर ठेवून न्यायचे, चिखलासकट, आणि तेव्हा कोणी फडकं दाखवलं नव्हतं. मला लाज वाटू नये म्हणून आई माझ्यासाठी खोटं बोलली. मग मेन रोडकडे चालायला लागली. तिला मागे टाकून मी गाडी पुढे नेली.

आजी सांगायची, गावाला दुकानदार आमच्या हातचं नाणं पाणी शिंपडून घ्यायचा. मला वाटायचं, ते सगळं तिकडे कोकणात राहिलं. आपण मुंबईला आलो, बाबा गिरणीत लागले, आई विहारातल्या बायकांच्या वर्गात सही शिकली, मी बारावी झाले. संपलं. कसलं संपतंय. ते फडकं माझ्याच हातात होतं.

तुम्ही विचाराल, टॅक्सी का नाही केली? पूर्वी करायचो. टॅक्सी आमच्या दारापर्यंत यायची. मग आमच्या दारापासून पोर्चसमोरून मेन रोडला जाणारा तो रस्ता फक्त मंद गतीच्या विजेच्या गाड्यांसाठी राखून ठेवला. तसा बोर्ड लागला, लोखंडी खांब लागले, वॉचमन बसला. अडलंनडलं तर अँब्युलन्स सोडायची, बाकी पेट्रोल-गॅसची कुठलीच गाडी नाही. हवा चांगली राहावी म्हणून. हवा चांगली राहावी असं मलाही वाटतं, आई त्याच हवेत धापा टाकत चालायची. पण त्या रस्त्यावर जी एकमेव गाडी चालते तिच्यात आम्हाला बसायचं नाही, हे कोणी ठरवलं?

ते मी शोधायला गेले. एक दिवस रजा टाकून वॉर्ड ऑफिसला गेले. खिडकीतला क्लार्क माणूस बरा होता. फाइल काढली, नकाशा उलगडला. पहिल्या नकाशात तीन थांबे होते: टॉवर, आमची बिल्डिंग, मेन रोड. दुसऱ्या नकाशात आमच्या थांब्यावर लाल काट मारलेली.

"का काढला?" मी विचारलं.

"ताई, तुम्हीच तर लिहून दिलंय," तो म्हणाला आणि त्याने एक गठ्ठा माझ्यापुढे सरकवला.

मी गठ्ठा चाळला. ते फॉर्म मी गोळा केले होते.

झालं होतं असं. वर्षभरापूर्वी सुपरवायझरने मला बोलावून फॉर्म दिले. वर मोठ्या अक्षरात 'हरकती व सूचना', आणि मागे इंग्रजीत दोन पानं टाचलेली. "बग्गीच्या परमिशनचं आहे. तुमच्या बिल्डिंगमधून भरून आण, तुझं ऐकतील," तो म्हणाला. "हे झालं की तुला परमनंट करतो." मी दारोदार फिरले. आमच्या लोकांना कागदाची भीती. संक्रमण शिबिरात वर्षानुवर्षं काढलेली माणसं ती. हरकत लिहिली की खोलीच्या यादीतून नाव जातं, हे डोक्यात पक्कं बसलेलं. त्यामुळे हरकती मागवणाऱ्या त्या कागदावर एकूण एक घराने लिहिलं, हरकत नाही. कोणी तर खाली 'आपले आभारी आहोत' असंही लिहिलं. जगात दुसरं कोणी असं करत असेल का, मला माहीत नाही. आम्ही केलं.

सगळ्यात आधी मी आईचीच सही घेतली होती. तिने चष्मा पुसला, पाटावर कागद ठेवला आणि मी सांगितलं ते मोठ्या अक्षरात लिहिलं. आमची काही हरकत नाही. खाली सही. सहीचा तिला फार अभिमान होता. "बघ, रेघेवर आली का?" तिने विचारलं होतं.

मागची दोन इंग्रजी पानं मी वाचलीच नव्हती. वाचता येत होतं मला. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीशी उभं राहून मी ती पहिल्यांदा वाचली. त्यात लिहिलं होतं, मागच्या बिल्डिंगचा थांबा वगळावा, सेवा टॉवरच्या सभासदांपुरती ठेवावी, याबद्दल हरकत असल्यास कळवावी. आम्ही कळवलं होतं, हरकत नाही. माझा स्वतःचा इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

"हे मागे घेता येईल का?" मी विचारलं.

"येईल ना. आत्ताची परवानगी तात्पुरती आहे, सुनावणी व्हायचीय अजून. पण ज्याने सही केली त्याने स्वतः यायला लागतं."

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. डायलिसिसचा हात मांडीवर घेऊन बसली होती. मग म्हणाली, "मी येते की. चालत येते. सही मी केलीय, खोडणार पण मीच."

सुनावणीची तारीख लागायच्या आधीच ती गेली. तिने मधल्या काळात डायलिसिसच्या दोन फेऱ्या चुकवल्या होत्या. एकदा अर्ध्या वाटेवरून परतली, एकदा उठलीच नाही. कशाने गेली ते डॉक्टरांनी कागदावर लिहिलंय. त्यात त्या रस्त्याचा उल्लेख नाही.

शववाहिनी खांबांपाशी थांबली. वॉचमनच्या यादीत अँब्युलन्स होती, शववाहिनी नव्हती. तो हात जोडून म्हणाला, "ताई, मेरे हाथ में नहीं है." मग आईला त्या रस्त्यावरून आम्ही खांद्यावर नेलं. पुढे मीही खांदा दिला. पोर्चसमोर बग्गी उभी होती. रिकामी.

त्यानंतर मी परत घराघरात गेले. या वेळी दोन्ही इंग्रजी पानं मराठीत लिहून नेली आणि प्रत्येक दारात मोठ्याने वाचली. काहींनी दार लावून घेतलं. शेजारचे एक काका म्हणाले, "आधी तूच घेऊन गेलीस ना सह्या?" खरं होतं. मी म्हटलं, हो, मीच. म्हणून तर परत आलेय. बऱ्याच जणांनी नवीन सह्या केल्या, सगळ्यांनी नाही. माझी नोकरी त्याच आठवड्यात गेली.

सुनावणीला साहेबांनी जुने फॉर्म हातात धरले. "बाई, मागच्या वर्षी हरकत नाही म्हणालात, आता आहे म्हणता. नक्की काय?"

"मागच्या वर्षी तुम्ही विचारलं कुठं? लिहून घेतलंत," मी म्हणाले.

जे हजर होते त्यांच्या जुन्या सह्या साहेबांनी एकेक करून रद्द केल्या. आईच्या फॉर्मपाशी थांबले. मी तिच्या मृत्यूचा दाखला पुढे ठेवला. तो त्यांनी नीट वाचला आणि परत केला. मयत व्यक्तीचं पत्र मागे घेण्याची तरतूद नाही, म्हणाले. थांब्याचं बघू, म्हणाले. ही संमती मात्र रेकॉर्डला राहील.

म्हणजे आई गेली, आणि तिची हरकत नाही. त्या फाइलीत ती अजून बसली आहे, रेघेवर आलेल्या त्या सहीत. गाडीतून उतरवलं तरी, खांबांपाशी अडवलं तरी, तिची हरकत नाही.

ती सही करायला मी लावली. ती खोडायलाही मीच लावणार. दर सोमवारी मी त्या खिडकीशी उभी राहते. क्लार्क आता मान वर न करताच म्हणतो, "तरतूद नाही, ताई."

मग तरतूद करा. तोवर मी इथून उतरणार नाही.