खा रं, वाघा

शेळगावात आमच्या शेजारी एक म्हातारा धनगर राहायचा. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो "व्हय का न्हाय?" विचारायचा आणि उत्तराची वाट न बघता पुढं बोलत सुटायचा. त्याच्या धाकट्या भावाचे केस पिकले होते, पण समज लहान लेकराची. ताट पुढ्यात आलं तरी म्हातारा "खा रं, वाघा" म्हणेपर्यंत तो घास उचलत नसे.

आपल्यामागं याचं कसं होणार, हाच म्हाताऱ्याला घोर. भाकरी कुस्करून द्यायची, पाणी आपणच विचारायचं, असं सगळं त्यानं सुनेला शिकवलं होतं. मग जेवणाच्या वेळी तो मुद्दाम बाहेर माझ्याजवळ येऊन बसायचा, कान मात्र आत.

सून पदर सावरून म्हणायची, "जेवा, मामंजी." चुलत सासऱ्याला ती अरे-तुरे कसं करणार? वाघा मागं वळून बघायचा, कोण पाहुणा आलाय म्हणून.

एकदा म्हातारा तसाच आत गेला आणि माझ्यादेखत सुनेच्या पाया पडला. "पोरी, त्याला अरं म्हण. पाप लागलं तर मला लागंल. व्हय का न्हाय?"

त्या दिवशी तो उत्तरासाठी थांबला. सून नुसती रडत राहिली.

म्हातारा वारला. माती सावडून आल्यावर मी त्यांच्या घरी बसलो होतो. सुनेनं भाकरी कुस्करून ताट वाघापुढं ठेवलं आणि डोळे मिटून, अगदी म्हाताऱ्याच्या सुरात म्हणाली, "खा रं, वाघा."

वाघाचा चेहरा उजळला. तो ताटावरून उठला आणि भावाला बघायला धावत दाराबाहेर गेला.