भरली ओटी

“ओटी खाली करा, मॅडम. ही शाळा आहे, तुमचं माहेर नाही.”

चिखलीतल्या आमच्या खाजगी शाळेचे अध्यक्ष स्टाफरूमच्या दारात उभे होते. मला सातवा महिना. मधल्या सुट्टीत सोबतच्या शिक्षिकांनी हौसेनं माझी ओटी भरली होती. तांदूळ, नारळ, खण, हळकुंड. पदर अजून खोचायचा होता.

भरली ओटी कोणी रिकामी करायला लावत नाही. पोटुशीला तर नाहीच. अध्यक्षांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं तेव्हा शाळेला अर्धी सुट्टी दिली होती, आणि पंगतीत वाढायला आम्ही शिक्षिका होतो.

मी उठले. सगळं टेबलावर ओतलं. तांदूळ फरशीभर सांडले.

का ओतलं? जूनपासून मुख्याध्यापिकेची खुर्ची मला मिळणार होती म्हणून. एकदा खुर्ची मिळू द्या, मग सुखच सुख, असं मी घरात सांगत आले होते. त्या खुर्चीपायी जमेल तितके दिवस पोट लपवलं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेला आराम केला नाही.

त्या संध्याकाळी घरी जायला धाड गावच्या एसटीत बसले तर पोर हलेना. एरवी गचके बसले की लाथा मारायचं. घरी सासूबाईंना सगळं सांगितलं.

“काऊन वं बाई, भरली ओटी खाली केली?” एवढंच म्हणाल्या आणि गप्प बसल्या. त्या गप्प बसण्याची मला भीती वाटली. अजून वाटते.

सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठोके आहेत, पण बीपी फार वाढलंय. आजपासून अंथरूण धरा, नाहीतर दोघांचंही काही खरं नाही.

नवऱ्याला घेऊन तशीच शाळेत गेले. रजेचा अर्ज समोर ठेवला. अध्यक्षांनी तो बोटानं मागे सारला.

“पोरगं पाहिजे का खुर्ची, एकच सांगा. रजेवर गेल्या तर चिखलीतली कोणतीच शाळा तुम्हाले दारात उभं करणार नाही.”

जणू दोन्ही अध्यक्षांच्याच घरचं. त्यांचा मुलगा संस्थेचा सचिव आहे, त्याला दोन लेकरं आहेत. त्याला कोणी विचारलं होतं? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“दोन्ही पाहिजे,” मी म्हटलं. “रजा हक्काची आहे, मी भीक मागून नाही राह्यली. काढूनच पाहा मले.”

आता डाव्या कुशीवर पडून असते. माझ्या वर्गावर नवी बाई घेतली म्हणतात. पोर कधी हलतं, कधी कितीतरी वेळ हलत नाही. मग पोटावर हात ठेवून वाट पाहते. काय होईल ते डॉक्टरीणबाईही सांगत नाहीत.

पण एक ठरलंय. उठता येईल त्या दिवशी मी शाळेच्या दारात जाणार. पोर जगलं तर कडेवर घेऊन. नाही जगलं तर एकटी. आणि माझी खुर्ची घेतल्याशिवाय तिथून हलणार नाही.