टास्करबाईंच्या कॉलिनचा फोटो

इंग्लंडच्या ग्रिम्सबी बंदरात मासळीचा वास येतो तो बाहेरच्यांना. क्लिफर्ड हेग यांची बातमीसंस्था मासे तळणाऱ्या दुकानाच्या माडीवर होती, पण तिथे काम करणाऱ्या मॅव्हिस ब्लँचर्डला तो वास कधी जाणवला नाही. तिचा बाप ट्रॉलरवर मासेमारी करायचा, आजाही. तिने मात्र लेखणी धरली. कोर्ट, अपघात, आगी, गावात घडेल ते लिहायचं आणि फोनवरून लंडनच्या वर्तमानपत्रांना विकायचं. छापलं तर पैसे, नाही तर मुकाट पुढची बातमी. छापलं तरी खाली मॅव्हिसचं नाव नसायचं.

"आपल्या डोक्यावर मालक नाही," असं हेग छाती फुगवून सांगत. मालक नव्हता, गिऱ्हाइकं होती. आणि त्यांच्याइतका खाष्ट मालक शोधून सापडायचा नाही.

मॅव्हिसचा हातखंडा होता मयताच्या घरी जाण्याचा. दार वाजवायचं, दोन शब्द बोलायचे, चहा घ्यायचा आणि निघताना गेलेल्याचे असतील नसतील तेवढे फोटो मागून आणायचे. एकही मागे ठेवायचा नाही, म्हणजे पाठोपाठ येणाऱ्या दुसऱ्या बातमीदाराच्या हाती भोपळा. परत करू, असं सांगायचं. बहुतेकदा करतही.

त्या जानेवारीत आइसलँडच्या समुद्रात एक ट्रॉलर माणसांसकट बुडाला. मॅव्हिस एडना टास्करच्या दारात उभी राहिली. नवरा आधीच वारलेला, आणि आता एकुलता एक कॉलिन गेलेला.

"तू हॅरी ब्लँचर्डची ना गं?" एडनाने दारातच ओळखलं. "ये पोरी, आत ये. गारठलीस."

चहा झाला. घरात कॉलिनचा मोठेपणीचा फोटो एकच होता, तो एडनाने स्वतःच्या हाताने चौकटीतून काढून दिला. मग एकदम मॅव्हिसचं मनगट धरून म्हणाली, "तो निघाला त्या सकाळी त्याच्या कोटावर चहा सांडला गं. बाही तेवढी नळाखाली धरली मी. तेवढीच! ते काय धुणं झालं? तूच सांग."

घरचा माणूस समुद्रावर निघतो त्या दिवशी ग्रिम्सबीतली बाई कपडा भिजवत नाही. भिजवला तर तो माणूस समुद्रात वाहून जातो, अशी समजूत. मॅव्हिसच्या आईने जन्मभर हे पाळलं होतं.

"छे हो मावशी, ते कसलं धुणं," मॅव्हिस म्हणाली. तिला मनापासून वाईट वाटलं होतं, हे खोटं नाही.

कोपऱ्यावरच्या फोनवरून तिने मजकूर सांगायला घेतला. लंडनचा माणूस कंटाळलेला. "आया सगळ्याच रडतात हो. सकाळपासून ढीगभर झाल्या. तुमच्या आईत वेगळं काय?"

मॅव्हिसने फोन ठेवला असता तर एक बातमी बुडाली असती, बस्स. पण हात रिकामे घेऊन माडी चढायची तिला सवय नव्हती.

"तिने त्याच्या कोटाची बाही धुतली होती," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कॉलिन पहिल्या पानावर होता, शेजारी बाहीची गोष्ट. मग ती गोष्ट सगळ्याच वर्तमानपत्रांना हवी झाली. हेगांनी शेजारची खोली घेतली, बातम्या पाठवायला टेलेक्सचं यंत्र बसवलं, हल शहरात शाखा काढायचं ठरवलं आणि म्हणाले, "ती शाखा तुझी, मॅव्हिस!"

घरी आई ताटावरून उठली. "दुकानात सगळ्यांदेखत ती बेट्सी, तिचाही माणूस त्याच ट्रॉलरवर होता, म्हणाली एडनाला, तुझ्या एका बाहीपायी आमचेही बुडाले. एडनाच्या दाराकडे आता कुणी फिरकत नाही. तूच लिहिलंस ना?"

"माझं नाव नाहीये त्यावर."

"नाव नसेल. जीभ तुझीच ना?"

मॅव्हिस हेगांकडे गेली. एडना असं काही बोललीच नव्हती, असं छापून आणा म्हणाली. हेगांनी चष्मा काढला. "खरं ते खोटं म्हणून छापू? मग उद्या आपलं कोण घेईल? ती बोलली की नाही?"

"बोलली."

"मग झालं तर."

हेगांचं चुकत नव्हतं, आणि मॅव्हिसला त्याचाच संताप आला. टेबलावरचा कॉलिनचा फोटो उचलून ती तडक निघाली.

एडनाने दार उघडलं, पण आत ये म्हणाली नाही.

"मावशी, मी घरोघर जाऊन सांगते, ते मीच रचलं म्हणून."

"आणि मी काय सांगू? मला कुणी विचारलं तर?" एडना म्हणाली. "मी पेपरवाल्यांना नव्हतं सांगितलं गं. हॅरीच्या पोरीला सांगितलं होतं."

तिने फोटो घेतला, एप्रनने पुसला, आणि उलटा केला. मागे जांभळा शिक्का होता. माडीवर आलेल्या प्रत्येक फोटोवर तो मारायची पद्धतच होती. मॅव्हिसला त्याची आठवणही राहिली नव्हती.

एडनाने फोटो उजेडात धरून अक्षर अक्षर वाचलं. "हेग बातमीसंस्थेची मालमत्ता. परवानगीशिवाय छापू नये."

तिने मान वर केली.

"परवानगी कुणाची घ्यायची असते गं?"

टोमणा नव्हता तो. एडना दार धरून खरंच उत्तराची वाट पाहत उभी होती.